जिथे वाकतं, तिथे टिळा

दिल्ली, ९ ऑक्टोबर २००८

प्रिय सेवी,

गाडी संध्याकाळची आहे आणि माझी चुलत जाऊ दुपारची झोपली आहे, म्हणून हे पत्र. आठवतं, रविवारी सिस्टर क्लोटिल्डा आपल्याला घरी पत्र लिहायला बसवायची आणि ‘मी मजेत आहे’च्या पुढे आपली लेखणी सरकायची नाही? आज मी खरंच मजेत आहे आणि जवळचे कागद पुरतील असं वाटत नाही.

लेहला पहिले दोन दिवस नुसती पडून होते. डोकं जड, जेवण नको. मेदू सारखा येऊन विचारायचा, अव्वा, श्वास नीट घेता येतोय ना. एकतिसाव्या वर्षी मेजर झाला तरी आईला औषध देताना चमच्यातलं अर्धं सांडतोच. तिसऱ्या दिवशी उठले. काल आयुधपूजा होती, तिच्यासाठीच तर गेले होते.

तुझ्या ग्रेशनला सांग, त्याची ‘धनेश’ मी अखेर हातानं शिवून पाहिली. ज्या हेलिकॉप्टरपायी त्यानं तुमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कारखान्यात काढला, ते दिसायला आपल्या रानातल्या धनेश पक्ष्यासारखंच आहे, नाकाड आणि पोटाळ. पण उडायला लागलं की अंगावर काटा येतो. परदेशातून आणलेलं नाही, आपल्याकडे बंगळूरला घडलेलं आहे, हे मी तिथल्या प्रत्येकाला सांगत सुटले, जणू मीच घडवलं. मेदू म्हणाला, हेच कधी सामान नेतं, कधी सैनिक, कधी आजारी माणूस. बर्फात रस्ते बुजले की गावांना दुसरा आधार नाही.

सगळी यंत्रं ओळीनं धुऊन उभी केली होती. नाकाला झेंडू, चाकाखाली लिंबू. पलटणीच्या पंडितांनी नाकाला आणि दाराला टिळा लावला, मग मला पुढे बोलावलं. आता आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. आम्हा कूर्गी लोकांच्या शस्त्रपूजेला, कैलपोदला, बंदुका देवघरात मांडल्या की नळीला कोणी टिळा लावत नाही. दुनळी बंदूक जिथे मोडून काडतूस भरतात त्या सांध्याला लावतात. सासरे म्हणायचे, जिथे वाकतं तिथे देवानं हात ठेवायचा, ताठ भागाला देवाची गरज नसते. म्हणून मी मेदूला विचारलं, हे तुझं कुठे वाकतं? तो हसून म्हणाला, “अव्वा, हे सगळीकडेच वाकतं.” मग त्यानं शेपटाकडचा छोटा पंखा दाखवला. पायानं दाबलं की त्याची पाती कलतात आणि अख्खं यंत्र तोंड फिरवतं.

नेगी म्हणून एक गढवाली हवालदार आहे, मेदूच्या यंत्राची देखभाल त्याच्याकडे. त्यानं चढायची घोडी आणून लावली. मागे निऱ्यांची आमची साडी, कुरकुरणारा गुडघा आणि मी! खाली उभे असलेले सगळे डोळे मिटून घेत असतील. तलकावेरीचं कुंकू मी खोबरेलात कालवून नेलं होतं, ते थंडीनं दगड झालेलं. तळहातावर घेऊन ऊब दिली आणि पात्याच्या मुळाशी, सांध्यावर, चांगलं ठसठशीत लावलं. खाली तेलाचे थेंब पडलेले दिसले. मी विचारलं तर नेगी म्हणाला, “माताजी, हा याचा घाम आहे.” मेदू खाली उभा राहून वर बघत होता. लहानपणी शाळेआधी त्याचा भांग पाडायचे तेव्हा असाच निमूट उभा राहायचा.

आज सकाळी त्यानंच विमानतळावर सोडलं. आज दसरा, यंत्रांना विश्रांती. मी पोचले की सविस्तर सांगेन. मेदूसाठी एखादी मुलगी तुझ्या चर्चमध्येसुद्धा असली तरी बघून ठेव, मी आता कोणालाही हो म्हणेन.

तुझी,
देचू

---

बंगळूर, २१ ऑक्टोबर २००८

प्रिय देचू,

फोनवर तू रडत होतीस आणि माझ्याकडे माणसं बसली होती, म्हणून मी लाकडासारखी बोलले. रागावू नकोस. तुला सुखरूप सोडून परतलेला मुलगा त्याच दिवशी कोसळतो, हे ऐकून मलाही काही सुचलं नव्हतं.

देवाची कृपा म्हणायची. झांस्करमधून मेदू आणत होता ती अडलेली बाई वाचली, लेहच्या इस्पितळात तिला मुलगी झाली. वाटेत शेपटाकडचा ताबा सुटल्यावर मेदूनं नदीकाठच्या गोट्यांवर यंत्र टेकवलं, ते कलंडलं, पण पेटलं नाही. ग्रेशन म्हणतो, दुसरा कोणी असता तर आज सगळ्यांच्या फोटोंना हार असते. बरोबरच्या वैमानिकाच्या पाठीला मार आहे, नेगीचा पाय मोडलाय, मेदूच्या भुवईला टाके. आता सगळी ‘धनेश’ जमिनीवर उभी केली आहेत. मोडलेला भाग इथे आणलाय आणि चौकशीही इथेच होईल. कारखान्याच्या बाजूनं त्या बैठकीत ग्रेशन आहे. घरी तो त्याबद्दल बोलत नाही.

आता मी सांगते ते ऐक, आणि कारण विचारू नकोस. लेहच्या पूजेविषयी कोणाशी बोलू नकोस. कोणी विचारलंच तर सांग की उंची सोसली नाही म्हणून मी खोलीत पडून होते. यापुढे मला पत्र घरी पाठवू नकोस. चर्चच्या पत्त्यावर पाठव, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंसाठी म्हणून. फादर मला आणून देतील.

सेवी

---

विराजपेटजवळ, ९ नोव्हेंबर २००८

प्रिय सेवी,

तुझं पत्र मी बरेच दिवस उशाशी ठेवलं. इतक्या वर्षांत तुझ्या पत्राला उत्तर लिहायला मला कधी वेळ लागला नव्हता.

इथे रोज कोणी ना कोणी येतं. तुला माहीत आहे, आमच्याकडे दोन घरं सोडून एक निवृत्त कर्नल राहतो आणि प्रत्येकाला सगळं माहीत असतं. आमचे कर्नल पूवय्या, ज्यांचा नोकरीतला वाहनाचा अनुभव खेचरापर्यंतचा, ते मला काल हेलिकॉप्टर समजावून गेले. पण जाता जाता जे म्हणाले ते मनात रुतलं. म्हणाले, “देचम्मा, यंत्राला दोष दिला तर कारखाना बुडतो. वैमानिकाला दिला तर एकच घर बुडतं. बैठकीत बसलेल्यांना हिशेब येतो.”

मी त्यांना उडवून लावलं. मग आत येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू मला खोटं बोलायला सांगते आहेस, सेवी. तू! बागेतले पेरू आपण सगळ्यांनी चोरले आणि पाद्र्यापुढे जाऊन अख्ख्या वसतिगृहाच्या वतीनं कबुली एकटी तू देऊन आलीस. आणि आता म्हणतेस, खोलीत पडून होते म्हणून सांग. मी काय पाहिलं असं, जे पाहिलं नाही म्हणायचं?

मी आठवू लागले आणि मला तेल आठवलं. शेपटाखाली सांडलेलं. नेगी त्याला घाम म्हणाला. यंत्र आधीपासून गळत होतं का? ग्रेशनला ते ठाऊक होतं का? पूजेला मी तिथे उभी होते हे कोणाला कळू नये, असं नेमकं कोणाला वाटतंय, तुला की त्याला? आणि माझी पत्रं तुझ्या घरात यायला नकोत, म्हणजे कोणाच्या हाती पडायला नकोत? की पडायची ती पडून गेली आहेत?

मेदूला इथे यायला बसची एक रात्र लागते. महिनाभर बंगळूरला आहे, पण येत नाही. फोनवर ‘अव्वा, ठीक आहे’ एवढंच. त्याचा आवाज मला ओळखू येतो. ठीक नाही. उडणं त्याच्याकडून काढून घेतलं तर तो कसा राहील, मला कल्पना करवत नाही. लहान असताना झाडावरून उतरायला सांगितलं तरी तोंड पाडायचा.

माझा संशय चुकीचा असेल तर एका ओळीनं तो फेडता येईल. तेलाचं काय?

देचम्मा

---

बंगळूर, १९ नोव्हेंबर २००८

देचू,

तेलाचं तू कोणालाही लिही. बैठकीला लिही, वर्तमानपत्राला लिही. तेवढं तेल प्रत्येक ‘धनेश’खाली असतं. बाकी काही लिहू नकोस, आणि एवढ्यात बंगळूरला येऊ नकोस. मी हात जोडते.

सेवी

---

विराजपेटजवळ, १५ डिसेंबर २००८

सेवरीन,

पुत्तरी झाली. यंदा पहिली कणसं कापताना बंदूक उडवायला घरचा पुरुष नव्हता, कर्नल पूवय्यांनी उडवली. मी सगळ्यांना पायस वाढलं, हसले, घरोघरच्या बायकांना सांगितलं की मेदूला रजा मिळाली नाही. त्यांनी मान डोलावली. एकीनंही पुढे विचारलं नाही, त्यावरून कळलं की सगळ्यांना माहीत आहे आणि मलाच नाही.

मग माझ्या भावजयीनं तोंड उघडलं. तिची बहीण तुझ्याच चर्चला येते. मेदू दोन रविवार तुझ्या घरी जेवला. तांदळाची वाफवलेली सन्नं आणि डुक्करमांस. तुझ्या हातचं ते किती छान होतं मला माहीत आहे, मीही खाल्लंय. आईला भेटायला रजा नाही, पण ज्याच्या कारखान्याची चौकशी चाललीय त्याच्या टेबलावर बसून जेवायला आहे. आणि तू मला एका अक्षरानं कळवलं नाहीस.

दुसऱ्या रविवारनंतर आठवड्यातच मेदूनं लिहून दिलं की चूक माझी आहे. हे पूवय्यांनी दिल्लीच्या कोणाकडून काढलं. चूक कसली, ते त्यांनाही कळलेलं नाही. छातीवरचे पंख जाणार एवढं मात्र कळलंय.

मी दोन आणि दोन चार करते. तुम्ही त्याला जेवायला बसवलंत आणि बापाविना वाढलेल्या पोरानं बापाच्या वयाच्या माणसावर विश्वास ठेवला. ग्रेशननं काय सांगितलं त्याला? देशाचं यंत्र आहे, बदनाम होता कामा नये? तू एकटा सोस, बाकीच्यांचं भलं होईल? असं काही ऐकलं की आमची मुलं लगेच छाती पुढे काढतात, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे.

आणि तू वाढत होतीस.

माझी सगळी पत्रं परत पाठव. दिल्लीहून लिहिलेलं तर नक्की. मी नाताळानंतर येणार आहे. बैठकीच्या दाराशी उभी राहीन आणि जे पाहिलं ते सगळं सांगेन, घोडीवर चढले तेव्हापासून.

देचम्मा

---

बंगळूर, २० डिसेंबर २००८

देचू,

पत्रं पाठवणार नाही. हे वाच, मग हवं तर माझी जाळ.

मेदू दोनदा जेवला हे खरं. दोन्ही वेळा ग्रेशन घरात नव्हता. चौकशी चालू असताना साक्षीदाराबरोबर जेवायचं नाही, हे तो इतकं पाळतो की दोन्ही रविवारी भावाकडे निघून गेला. मेदूला मी बोलावलं. पहिल्या रविवारी विचारलं, दुसऱ्या रविवारी विनवलं. काय, ते आता सांगते. सांगणार नाही अशी त्याच्यापुढे शपथ घेतली होती. ती मोडते आहे.

या यंत्रांची एक रीत आहे. सांध्यावरचा नट आवळून झाला की तपासणारा माणूस नटावरून बोल्टवर एक बारीक लाल रेघ ओढतो. लाखेसारखा रंग असतो. रेघ अखंड असली तर नट जागचा हललेला नाही. रेघ तुटली तर नट फिरलाय, आणि मग उडायचं नाही. उड्डाणाआधी देखभाल करणारा ती बघतो, मग वैमानिक यंत्राभोवती फेरी मारून बघतो. घाईत माणूस लाल शोधतो. लाल दिसलं की पुढे.

शेपटाकडचा एक नट फिरलेला होता. का फिरला, त्यात कारखान्याचा दोष किती आणि दुरुस्ती करणाऱ्यांचा किती, त्यावर अजून भांडताहेत. पण रेघ तुटलेली असणार, आणि ती दिसायला हवी होती. दिसली नाही, कारण नटावर कोणीतरी लाल काहीतरी फासलं होतं. ग्रेशन मोडलेलं यंत्र बघून पहिल्यांदा घरी परतला तेव्हा एवढंच बोलून गेला. मी तुझं दिल्लीचं पत्र त्याच्या आधी दोन दिवस वाचलं होतं.

नंतर तो रंग तपासला. हळद, चुना आणि खोबरेल.

देचू, खाली बस. पाणी पी.

पंडित म्हणाले, मी नाकाला आणि दाराला लावलं, आणि माझं कुंकू कोरडं होतं. मग शेपटापर्यंत चढून, तेलात कालवून, नेमका सैल नट कोणी रंगवला? संशय नेगीवर गेला. घोडी त्याच्या ताब्यातली, रेघ बघायची जबाबदारी त्याची. तुटलेली रेघ लपवायला त्यानंच फासलं, असं म्हणायला लागले. हे साधं दुर्लक्ष नाही, याला तुरुंग आहे. नेगी प्लास्टरमधला पाय घेऊन एकच सांगत राहिला, मला माहीत नाही. तेव्हा मेदूनं लिहून दिलं, कुंकू मी लावलं.

एकदा जेवताना ग्रेशननं सहज विचारलं, “सेवी, तुझ्या कूर्गी मैत्रिणी कुंकू तेलात कालवतात का गं?” मी मासळीचा काटा काढत म्हटलं, मला काय माहीत. तीस वर्षांच्या संसारात मी त्याला इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. तुझं पत्र माझ्या भजनांच्या पुस्तकात होतं. ते त्याच्यापुढे ठेवलं असतं तर कारखाना जवळजवळ सुटला असता. ‘वैमानिकाच्या आईनं रंगवलं’, छापायला किती सोपं. मग नटाचं कोणी विचारलंच नसतं. म्हणून घरी पत्र पाठवू नकोस म्हटलं. म्हणून खोलीत पडून होते म्हण म्हटलं.

तो लिहून देणार हे कळल्यावर मी मेदूला म्हटलं, त्यापेक्षा आईला सांग. ती येऊन बोलेल, तुझे पंख वाचतील. तो म्हणाला, “सेवी आंटी, अव्वाला कळलं तर ती उरलेलं आयुष्य त्या नटापाशी बसून काढेल.” पहिल्या रविवारी मला ते पटलं. दुसऱ्या रविवारी पटलं नाही, पण त्यानं माझा हात धरून शपथ घातली. मग तुझं हे पत्र आलं. तू बैठकीच्या दाराशी येऊन, घोडीवर चढले, असं हसत सांगणार आणि त्यांच्या तोंडावरून तुला कळणार! त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तू वाढत होतीस असं लिहिलंस. हो, वाढत होते. त्यानं दोन्ही वेळा काहीच खाल्लं नाही.

सेवी

---

विराजपेटजवळ, ४ जानेवारी २००९

सेवी,

तुझं पत्र मिळालं.

मी येत्या रविवारी रात्रीच्या बसनं निघते. तुझ्याकडेच उतरेन, ठेवून घेणार असलीस तर. ग्रेशनला आज सांगून टाक, सगळं. माझं दिल्लीचं पत्र त्याच्या हातात दे. नेगीच्या बायकोचा पत्ता मिळाला तर बघ.

तुला जे लिहिलं ते परत घेता येत नाही. आल्यावर तोंडानं बोलेन. मेदूला कळवू नकोस, तो मला बसमधून उतरवेल.

देचू

---

बंगळूर, १२ फेब्रुवारी २००९

प्रिय देचू,

निकाल लागला. तुला अधिकृत कागद येईल तेव्हा येईल, माझ्याकडून आधी ऐक.

नेगीवरचा आरोप गेला. त्याचा पाय जरा आखूड राहणार आहे, पण नोकरी शाबूत. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या यंत्रांवरचं कुंकू पुसायचं ठरलेलं होतं. अडलेल्या बाईचा निरोप सकाळीच आल्यामुळे घाईत तेवढं राहून गेलं, असं बैठकीनं मान्य केलं. खोटं लिहून दिल्याबद्दल मेदूला कडक ताकीद आहे. पण पंख त्याच्या छातीवरच राहतील. मार्चअखेर तो पुन्हा उडेल. नटाचं प्रकरण वेगळं काढलंय आणि ते कारखान्याच्या गळ्यात अजून आहे.

तू आत गेलीस तेव्हा मी बाहेर बाकावर बसून जपमाळ ओढत होते. ग्रेशननं नंतर थोडं सांगितलं. टेबलावर तसाच एक सांधा ठेवला होता आणि ब्रिगेडियरांनी तुला दाखवायला सांगितलं. तू चष्मा काढलास, अनामिकेनं जागा दाखवलीस, अंगठ्याएवढं जाड लावलं म्हणालीस. कोणीतरी हसू दाबलं. ब्रिगेडियरांनी विचारलं, यंत्राला हात लावायची परवानगी कोणाची घेतलीत. तू म्हणालीस, “मुलाच्या अंगाला हात लावायला मी कोणाची घेतली नाही कधी. हे त्याच्याहून परकं आहे, हे मला कोणी सांगायला हवं होतं.”

आमच्या घरचं विचारलंस. ग्रेशन बोलतो, पण कामापुरतं. मीठ दे, दार लाव. पत्र तीन महिने माझ्या पुस्तकात होतं हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. काल एवढंच म्हणाला, “ते पत्र दाखवून तू मला वाचवू शकली असतीस.” मी विचारलं, कोणापासून? तो उठून बागेत गेला. मला वाटतं, उत्तर त्याला माहीत आहे आणि त्याचाच त्याला राग आहे. माझी काळजी करू नकोस. आज त्यानं माझ्या बशीत न मागता माशाचं डोकं वाढलं.

मेदू तुझ्याकडे येतोय ना? त्या दिवशी बैठकीबाहेर तो तुझ्या पाया पडला, पण तोंड उघडलं नाही. मला ते बरं वाटलं नाही. सुटलेल्या माणसासारखा दिसत नव्हता.

तुझी,
सेवी

---

विराजपेटजवळ, ८ मार्च २००९

प्रिय सेवी,

हे पत्र घरीच पाठवते आहे. ग्रेशनलाही वाचून दाखव.

मेदू आला. गेल्या आठवड्यात सर पडून गेली आणि कॉफी फुलली. सगळा डोंगर पांढरा, वासानं जीव गुदमरतो. अशात घर सोडून कोणी जात नाही, पण तो बागेत फिरायलाही तयार नव्हता. मी डुकराची पंदी करी केली, तांदळाचे कडंबुट्टू केले. जेवायचा आणि पडून राहायचा. पूवय्या पेला घेऊन अभिनंदनाला आले, त्यांच्यासमोर नीट हसला. ते गेल्यावर पुन्हा तेच. मला वाटलं, मी भर बैठकीत त्याला खोटारडा ठरवलं, त्याचा राग असेल. आणखी काय काय वाटलं ते लिहीत नाही. या पाच महिन्यांत संशय घ्यायची मला इतकी सवय लागली आहे की दूध नासलं तरी कोणीतरी नासवलं असं वाटतं.

परवा मी अंगणात मिरी निवडत होते. तो येऊन बाजूला बसला आणि सुपातले खडे वेचायला लागला. मग खाली बघतच म्हणाला, “अव्वा, घाईत राहून गेलं नव्हतं.”

त्या सकाळी निरोप आल्यावर नेगी फडकं घेऊन पुसायला लागलाच होता. नाक पुसलं, दार पुसलं. घोडीवर चढून त्यानं विचारलं, “साहेब, माताजींचा इथला टिळा पुसू?” आणि मेदू म्हणाला, “तो राहू दे.”

एवढंच. नेगी उतरला. मेदूनं फेरी मारली, लाल दिसलं, निघाले.

नेगीनं तीन महिने तोंड उघडलं नाही ते म्हणून. त्याला तुरुंगाची भीती घातली तरी साहेबाचे ते तीन शब्द त्यानं सांगितले नाहीत. मेदूनं लिहून दिलं, कुंकू मी लावलं. आपण समजलो, तो मला झाकतोय. झाकत होताच. पण चूक माझी, हे जे त्यानं लिहिलं होतं, ते त्याच्या दृष्टीनं खरं होतं. ते खोडून काढायला मी गेले, आणि त्यांनी माझं ऐकलं.

मी त्याला एकच विचारलं, का राहू दिलास रे. त्यानं सुपातला एक खडा वेचून फेकला. म्हणाला, “बरं वाटलं, अव्वा. मागे कोणीतरी आहे असं वाटलं.”

सेवी, मला आनंद झाला. बरोबरच्या पोराची पाठ, नेगीचा पाय, ती अडलेली बाई, हे सगळं डोळ्यांपुढे असताना आनंद झाला. तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही, पण झाला.

मग तो म्हणाला, उद्या मी ब्रिगेडियरांना लिहिणार. नेगीला सगळं सांगायला मोकळा करणार. मी विचारलं, मग? म्हणाला, एक वर्ष तरी उडू देणार नाहीत. कदाचित कधीच नाही. आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलावं म्हणून थांबला होता. “कशाला उकरतोस, झालं ते झालं” एवढं म्हटलं असतं तर तो थांबला असता, याची मला खात्री आहे. त्याला तेच ऐकायचं होतं की नव्हतं, ते मात्र सांगता येत नाही. मी म्हटलं, “लिही.”

त्यानं लिहिलं. काल स्वतः टपालात टाकून आला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला. आज पहाटेच्या बसनं गेला. पूवय्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, देचम्मा, तू वीर माता आहेस. मी त्यांना कॉफी दिली.

पण तुला खरं सांगते. उडू देणार नाहीत असं तो म्हणाला, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सत्याबित्याचा विचार नंतर आला. आधी आलं ते एवढंच, की पोरगा जमिनीवर राहील. मग मी ‘लिही’ म्हटलं.

तुझ्यावर संशय घेतला, ग्रेशनवर घेतला, त्या तेलावर घेतला, सगळे खोटे निघाले. आता एकटी मी उरले आहे. मी त्याला खरं बोलायला पाठवलं की खाली उतरवलं, सेवी? तू मला लहानपणापासून ओळखतेस. तुला काय वाटतं ते लिही, पण मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझी,
देचू